सातवा रकाना

प्रेरणाला बघायला कोणी येणार असलं की तिचे वडील बळीराम चहाच्या आधी एकच गोष्ट विचारत. मुलगा किती शिकला, कुठे नोकरीला आहे, घर स्वतःचं की भाड्याचं, ते सगळं मागून. आधी म्हणत, "कार्ड आणलं का? आमी पत्रिका पाहत नाही. आमी कार्ड पाहतो."

कार्ड म्हणजे सिकलिंगचं, सिकलसेलच्या रक्ततपासणीचं. दुर्ग-भिलाईकडे रक्ताचा हा आजार पुष्कळ घरांत आहे, आणि ज्या भंडाऱ्याकडून बळीरामचे वडील भिलाईच्या पोलाद प्लँटच्या कामावर आले त्या मुलखातही आहे. एखाद्याच्या रक्तात तो अर्धा असला तर त्या माणसाला जन्मभर पत्ता लागत नाही. तो खातो-पितो, शिफ्टा करतो, म्हातारा होतो. पण दोन अर्धी माणसं नवराबायको झाली की चारातलं एक लेकरू पुरा आजार घेऊन जन्माला येऊ शकतं. बळीराम अर्धे होते आणि भागीरथाही अर्धी होती. त्यांना हे कळलं ते प्रेरणाच्या पाठचा प्रफुल रांगायला लागला आणि त्याच्या हातापायांची बोटं सुजून केळफुलासारखी झाली तेव्हा.

प्रफुल एकोणीस वर्षं जगला. थंडी पडली की त्याच्या मांड्यांत आणि पाठीत कळा सुरू व्हायच्या. भागीरथा तव्यावर मीठ भाजायची, प्रेरणा ते फडक्यात बांधून त्याचे पाय शेकायची, आणि तो दात आवळून मोबाइलवर क्रिकेट बघत राहायचा. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याच्या छातीत दुखणं शिरलं आणि पाच दिवसांत तो गेला. त्यानंतर त्या घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. प्रेरणा स्वतः अर्धी आहे हे तिला माहीत होतं, बळीरामांनाही माहीत होतं. म्हणून तिला नवरा हवा तो साफ रक्ताचाच, एवढी एकच अट त्या घराने धरली होती. त्या एका अटीपायी तीन चांगली स्थळं गेली.

मग मोहन नगरचा पराग आला. रेल्वेच्या लोको शेडमध्ये तंत्रज्ञ, वडील नाहीत, आई रुक्मा आणि धाकटी बहीण मोना. दारात चपला काढताकाढताच त्याने खिशातून कार्ड काढून बळीरामच्या हातात दिलं. "जय भीम काका. हे घ्या. मले सांगतलं होतं की तुमी आधी हेच मागता." कार्डावर छापलेलं होतं, सामान्य. बळीरामांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "चहा आण व."

दोन महिन्यांनी विहारात साक्षगंध झालं, साखरपुडाच तो. पराग बोलका होता. ड्यूटी संपली की प्रेरणाला फोन करायचा आणि अर्धं मराठी, अर्धं हिंदी असं तासभर बोलायचा. एकदा त्याने विचारलं, "प्रफुल कसा होता गं? सांग ना." त्याच्याबद्दल असं कोणी विचारत नसे. सगळे आजाराबद्दल विचारत. प्रेरणाने त्याला प्रफुलच्या खोड्या सांगितल्या, त्याने कॉलनीतल्या सगळ्या सायकलींच्या घंट्या कशा अदलाबदल केल्या होत्या ते सांगितलं, आणि सांगता सांगता ती हसली. बाहेरच्या खोलीत बसलेल्या भागीरथाने ते हसणं ऐकलं आणि रात्री नवऱ्याला म्हणाली, "पोरीचं चांगलं होऊन राहिलं."

साक्षगंधानंतर थोड्याच दिवसांनी प्रेरणाला नोकरी लागली. भिलाईतल्याच सुपेल्यात पंप-मोटर दुरुस्तीच्या दुकानावरच्या मजल्यावर एक संस्था होती, वस्त्यावस्त्यांत सिकलिंगची शिबिरं घेणारी. तिथे डॉक्टर होत्या गीतांजली मॅडम. आधीचा संगणकवाला मुलगा नोकरी सोडून दुसऱ्या शहरात गेला होता आणि सगळ्या शिबिरांचे निकाल त्याने केलेल्या प्रोग्रामच्या भरवशावर पडून होते. प्रेरणा बीसीए झालेली. मॅडमने विचारलं, "हेच काम का हवंय?" प्रेरणा म्हणाली, "भाऊ होता माझा." मॅडमने तिला दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं.

काम समजायला सोपं होतं. प्रत्येक शिबिराची एक साधी मजकुराची फाइल होती. एका माणसाची एक ओळ आणि ओळीत सात रकाने: कार्डाचा नंबर, वस्ती, वय, बाई की पुरुष, हिमोग्लोबिन, पहिली चाचणी आणि सातवा, पक्का निकाल. दोन रकान्यांमध्ये फक्त एक मोकळी जागा. पहिली चाचणी निगेटिव्ह आली की पुढची मोठी तपासणी करायची गरजच नसते, म्हणून त्या माणसाची ओळ सहा रकान्यांत संपायची. प्रोग्राम अशा ओळीपाशी अडून बसायचा आणि पडद्यावर लिहून यायचं की अमुक ओळीत सात घटक नाहीत. आधीच्या मुलाने त्यावर एक तोड काढली होती. त्याने प्रोग्रामला सांगून ठेवलं होतं की ओळ अपुरी असली तर अडू नकोस, शेवटची जागा रिकामी धर आणि पुढे चल. आणि शेवटची जागा रिकामी असेल तर तो माणूस सामान्य. प्रोग्राम बिनबोभाट चालायला लागला आणि कार्डं छापून निघाली.

लग्नाला महिना उरला होता तेव्हा मॅडमने तिला वस्तीवार सरासरी हिमोग्लोबिन काढायला सांगितलं. रजेवर जायच्या आधी एवढं हातावेगळं करावं म्हणून ती सकाळीच बसली. प्रोग्रामने सरासरी द्यायला नकार दिला. त्या रकान्यात सगळे आकडे नाहीत, असं त्याचं म्हणणं. प्रेरणाला वाटलं, कुठेतरी टंकताना चूक झाली असेल. तिने रकाना उघडून वरून खाली पाहिला. अकरा, साडेनऊ, बारा, आणि मध्येच एका जागी शब्द होता, पॉझिटिव्ह. आणखी खाली तसाच आणखी एक.

हिमोग्लोबिनच्या जागी पॉझिटिव्ह कसं येईल? तिने मूळ फाइल उघडली आणि त्या ओळीवर बोट ठेवून मोजलं. नंबर, वस्ती, वय, लिंग, आणि मग हिमोग्लोबिन नव्हतंच. त्या दिवशी ते मोजायचं यंत्र बंद पडलं असेल, लिहिणाऱ्याने जागा सोडली असेल, आणि फाइलमध्ये ती सोडलेली जागा कुठे दिसलीच नव्हती. त्यामुळे पुढचे दोघे एकेक पाऊल अलीकडे सरकले होते. पहिल्या चाचणीचा निकाल हिमोग्लोबिनच्या जागी बसला होता, पक्का निकाल पहिल्या चाचणीच्या जागी, आणि सातवा रकाना रिकामा. सातवा रिकामा म्हणजे सामान्य. पण त्या माणसाचा पक्का निकाल तर तिथेच लिहिलेला होता, फक्त एक घर अलीकडे. एएस. अर्धा.

तिच्या हातातला चहा गार झाला. खाली दुकानात कोणीतरी मोटर चालू करून बघत होतं आणि तिच्या टेबलाला त्याची थरथर जाणवत होती. ती उठून मॅडमच्या खोलीत गेली.

गीतांजली मॅडमने सगळं ऐकलं, फाइल स्वतः पाहिली आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "लोकांनी ह्या कार्डांवर लग्नं ठरवलीत, प्रेरणा."

"हो मॅडम."

"आधी सगळ्या फाइली नीट कर. किती जण आहेत ते बघ. मग एकेकाला आपण फोन करू. मी करीन, तू बरोबर बस."

दुपारपर्यंत तिने ते केलं. आधीच्या मुलाची ती 'अडू नकोस' म्हणणारी सूचना तिने काढून टाकली. त्याबरोबर प्रोग्राम शेकडो ओळींवर ओरडू लागला आणि तिने त्याला ओरडू दिलं. ज्या ओळीत सात घटक नाहीत अशा सगळ्या ओळी तिने वेगळ्या काढल्या. त्यातल्या ज्यांच्या पाचव्या जागी आकडा होता, त्यांचं शेवटचं घर खरोखरच रिकामं होतं. तिथे तिने 'तपासणी नाही' अशी खूण घातली. ज्यांच्या पाचव्या जागी आकडा नव्हता, तिथे हिमोग्लोबिनच्या घरात ती खूण घालून सरकलेले निकाल आपापल्या जागी नेले. कोरी जागा कोरी ठेवायची नाही, काही नसेल तर नाही असं लिहायचं, एवढाच काय तो नियम. मग तिने प्रोग्राम पुन्हा चालवला. तो कुठेही न अडता शेवटपर्यंत गेला. कार्ड चुकलेले दहा-बारा नंबर तिने कागदावर उतरवले.

फाइलींत नावं नसत. नंबर आणि नावं यांची यादी मॅडमच्या कपाटात कुलपात असे. मॅडमने ती काढून दिली आणि प्रेरणा एकेका नंबरासमोर नाव लिहू लागली. सहावं नाव लिहिताना तिचा हात थांबला. मोहन नगर, पुरुष, वय सत्तावीस. पराग आणि पुढे त्याचं आडनाव. तिने फोनमधला त्याच्या कार्डाचा फोटो काढून नंबर ताडला. तोच होता.

मॅडम समोर फाइल चाळत होत्या. प्रेरणाने नाव लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, ह्याला मी सांगते."

"ओळखीचा आहे?"

"माझं लग्न आहे त्याच्याशी."

मॅडम खुर्चीतून उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

त्या दिवशी संध्याकाळी पराग आणि ती पावर हाउसच्या बाजारात भेटणार होते. लग्नाची पांढरी साडी घ्यायची होती. ती गेली. दुकानदार एकावर एक साड्या उलगडत होता आणि पराग प्रत्येक साडीला म्हणत होता, "ये वाली देख, किनार मस्त आहे." त्याने मोनाला व्हिडिओ कॉल लावला, मोनाने पलीकडून एक साडी पसंत केली. प्रेरणा सगळ्याला हो म्हणत होती. दुकानदार साडी बांधायला लागला तेव्हा तिने पिशवीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आज राहू द्या."

"क्या हुआ?" पराग म्हणाला.

"बाहेर चल. सांगते."

बाहेर ऑटोवाले सवाऱ्यांना हाका मारत होते. उड्डाणपुलाखालच्या रसाच्या गाडीमागे दोन स्टूल होते, तिथे ते बसले. तिने त्याला तो रकाना, ते सरकलेले निकाल, सगळं सांगितलं. जसं सकाळी मॅडमला सांगितलं तसंच, एकेक पायरीने, कारण दुसऱ्या कुठल्या पद्धतीने तिला ते सांगता येत नव्हतं.

"मतलब?" तो म्हणाला. "कार्डवर तर सामान्य लिहून आहे."

"कार्ड चुकलं, पराग. तुझी ओळ चुकीची वाचली गेली."

"तू बी मग चुकू शकतेस."

"हो. म्हणून उद्या परत रक्त दे. मला चुकायचंच आहे."

तो हसला नाही. रसाचे दोन ग्लास समोर आले आणि तसेच राहिले.

तिसऱ्या दिवशी नवा निकाल आला. फाइल बरोबर होती, पराग अर्धाच होता.

रविवारी दोन्ही घरं बळीरामच्या कॅम्प वस्तीतल्या दोन खोल्यांत बसली. गीतांजली मॅडम स्वतः आल्या, संस्थेच्या चुकीबद्दल त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले आणि मग शांतपणे समजावलं. असं लग्न करूच नये असा कायदा नाही. आता गरोदरपणात, तिसऱ्या महिन्यात तपासणी होते. बाळाला पुरा आजार आहे की नाही ते आधी कळतं. मग काय करायचं ते आईबापांनी ठरवायचं. एवढं सांगून त्या गेल्या. आपण असल्यावर ही माणसं मोकळी बोलणार नाहीत हे त्यांना कळत होतं.

रुक्मा म्हणाली, "मी तं म्हणतो लग्न होऊ द्या. पोरगी गुणाची आहे. तिनं लपवलं असतं तं आपल्याले काय समजलं असतं? डॉक्टरीण सांगून राहिली का तपासणी होते. करू तपासणी."

बळीराम खाली मान घालून बसले होते. सगळ्यांना वाटलं ते नाही म्हणतील. ते म्हणाले, "माह्याकडे पाहू नका. मी अट घातली होती, तिचं काय झालं ते पाह्यलं. आता पोरगी म्हणन ते."

"मैं तो तैयार हूँ," पराग म्हणाला. "मी आजही तयार आहे. तीन चान्स चांगले आहेत चारात. आणि तपासणी आहेच ना."

प्रेरणा त्याच्याकडे बघत म्हणाली, "तपासणीत खराब निघालं तर?"

"तर... मॅडम बोलल्या ना. ठेवायचं नाही."

त्याने ते वाईट मनाने म्हटलं नव्हतं. हजारो घरांत माणसं तेच ठरवतात आणि बरोबर ठरवतात. पण भिंतीवर प्रफुलचा फोटो होता, आयटीआयच्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला, आणि सगळ्यांची नजर नको असताना तिकडे गेली.

भागीरथा तोवर एक शब्द बोलली नव्हती. ती दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. हळूच म्हणाली, "माह्या वक्ती अशी तपासणी नव्हती. लोक मले म्हणतात, असती तं तुही सुटका झाली असती, त्या पोराचीबी झाली असती. मी इचार करून पाहतो कधीकधी. मले नाही म्हणता येत, बापा. त्याचं इतकं दुखलं, मी माह्या डोळ्यानं पाह्यलं, तरीबी तो नसता आला असं मले म्हणवत नाही." पदराने तिने तोंड पुसलं. "पण तिले मी काही सांगत नाही. तिचा जीव तिले माईत."

प्रेरणाला त्या क्षणी कळलं की तिला दोन्ही जमणार नाही. प्रफुलसारखं लेकरू आणून त्याचे पाय शेकत बसणं जमणार नाही, आणि प्रफुलसारख्या लेकराला तिसऱ्या महिन्यात नको म्हणणंही जमणार नाही. मूलच नको म्हणावं तर समोर रुक्मा बसली होती, एकुलत्या एक पोराची आई, आणि पराग स्वतः फोनवर कितीदा तरी म्हणालेला की त्याला घरात गडबड पाहिजे, दोन तरी पाहिजेत.

"नको," ती म्हणाली. "लग्न नको करूया."

पराग उठून बाहेर ओट्यावर गेला. ती मागोमाग गेली. तो चपला घालत होता आणि एक चप्पल त्याला पायात नीट घालता येत नव्हती.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तो नंबर सापडला तेव्हा तो माझा आहे हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. तू चूप राहिली असतीस तर आपण आज पत्रिका वाटून राहिलो असतो."

"हो."

"एकदाही मनात आलं नाही?"

"आलं," ती म्हणाली. "यादीत तुझं नाव लिहिताना पेन अडलं होतं, ते त्यापायीच."

त्याला राग धरायचा होता आणि धरता येत नव्हता. "मग एवढी कशी गं पक्की तू," असं काहीतरी तो पुटपुटला, गाडीला किक मारली आणि आईला मागे बसवून निघून गेला. ऑटोने जायला मागे राहिलेल्या मोनाने प्रेरणाला मिठी मारली आणि मोना रडली. प्रेरणाला रडू आलं नाही. सगळे गेल्यावर तिने कप गोळा केले आणि मोरीपाशी बसून घासले. एका कपात चहा तसाच होता. तो कोणाचा ते तिला माहीत होतं, आणि तो ओतून द्यायला तिला फार वेळ लागला.

बाकीच्यांना फोन झाले. खुर्सीपारच्या एका बाईंचं लग्न आधीच झालं होतं, पण नवऱ्याचं रक्त साफ निघालं. एक माणूस फोनवर खूप बोलला, मॅडमने ऐकून घेतलं. हळूहळू सगळी कार्डं बदलली. प्रेरणाने रजा रद्द केली आणि कामावर येत राहिली. सुपेल्याच्या चौकातून येताना कधी लोको शेडच्या पोरांचा घोळका दिसला की ती रस्ता ओलांडून पलीकडून चालायची. फोन संध्याकाळी ठरलेल्या वेळेला वाजायचा थांबला होता, तरी त्या वेळेला ती हातातलं काम सोडून उगीच उठायची, खिडकीपाशी जायची आणि परत यायची. भागीरथा हे आतून पाहायची.

वर्ष उलटून गेल्यावर एका दुपारी ऑफिसच्या फोनवर परागचा आवाज आला. तिने लगेच ओळखला.

"प्रेरणा? मी... एक काम होतं. कार्डाचा एक नंबर बघून देशील? राजनांदगावची आहे. तुमच्याच शिबिरातलं कार्ड आहे, सामान्य लिहून आहे. पण मला..." तो थांबला. "मला दुसऱ्या कोणावर भरोसा नाही."

"सांग नंबर," ती म्हणाली.

त्याने सांगितला. तिने फाइल उघडली, ओळ शोधली आणि बोट ठेवून एकेक रकाना वाचला, कुठे काही सरकलं तर नाही ना ते पाहत. वय चोवीस. हिमोग्लोबिन चांगलं. पहिली चाचणी निगेटिव्ह. सातव्या जागी तिनेच घातलेली खूण. तिने ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "कार्ड बरोबर आहे. तिला काही नाही. तुझी मुलं चांगली होतील."

मग तो म्हणाला, "तू कशी आहेस?"

"बरी आहे."

"काका-काकू?"

"तेही."

"ठेवू?"

"ठेव," ती म्हणाली, आणि तो ठेवीपर्यंत तिने फोन कानाला धरून ठेवला.

घरी आली तेव्हा भागीरथा अंगणात मिरच्या निवडत होती. प्रेरणा तिच्याशेजारी पाट ओढून बसली आणि तिने सांगितलं, परागचं ठरलं म्हणून.

भागीरथाचे हात थांबले. "पोरगी कशी आहे?"

"निगेटिव्ह आहे."

"मी दिसाले कशी आहे ते इचारलं."

"मी नाही पाहिली आई," प्रेरणा म्हणाली, आणि वर्षभर जे आलं नव्हतं ते रडू तिला तिथे, त्या मिरच्यांच्या सुपापाशी आलं. भागीरथाचे हात तिखटाचे होते. तिने ते लांब धरले आणि कोपराने लेकीचं डोकं आपल्याकडे ओढून घेतलं.